मोहल्ला समितीत कोणाच्या वतीने बोलावे?

पुण्याच्या विश्रांतवाडीतल्या माणसाला महापालिकेच्या कारभारावर लक्ष ठेवायचे असेल, तर मुख्य सभा आणि स्थायी समिती दूर, शिवाजीनगरच्या महापालिका भवनात भरतात. जवळचे ठिकाण म्हणजे येरवडा-कळस-धानोरी क्षेत्रीय कार्यालय. 74व्या घटनादुरुस्तीने 1993 मध्ये प्रभाग समित्या आल्या, पण तिथे बोलायचे ते सदस्यांनी. सामान्य नागरिकाच्या वाट्याला येते मोहल्ला समिती, म्हणजे क्षेत्रीय कार्यालयातली नागरिकांची बैठक, आणि पुण्यात 2006 मध्ये सुरू झालेले सहभागी अंदाजपत्रक. त्यात प्रभागासाठी 5 लाखांपर्यंतचे काम सुचवता येते. अशा बैठकीला जावे की नाही, याविषयी सोसायटीतले एक निवृत्त काका आणि वस्तीत काम करणारी एक कार्यकर्ती यांचा वाद असा मांडता येईल.

काका म्हणतात, "ताई, आम्ही नगरसेवक निवडून दिलेत. बैठकीलाही आम्हीच बसायचं, तर मत कशाला दिलं?"

"काका, 15 मार्च 2022 ला पालिकेवर प्रशासक आले आणि मतदान झालं थेट 15 जानेवारी 2026 ला. मधल्या काळात सभागृहात आपला माणूसच नव्हता. तेव्हा प्रश्न कोणी विचारायचे होते?"

"ते मान्य. पण बैठकीला येतं कोण? भर कामाच्या वेळेत येणार माझ्यासारखे पेन्शनर. फुलेनगर वस्तीतली धुणीभांडी करणारी बाई खाडा करून येईल का? आम्ही दहाजण बोलतो आणि कागदावर चढतं, 'नागरिकांची मागणी'. आम्हाला बाकडी मिळतात, तिच्या दारातलं गटार तुंबलेलंच राहतं. मी घरी बसलो, तर निदान तिच्या नावावर काही मागणार तरी नाही."

काकांचा हा आक्षेप आळसातून आलेला नाही. नगरसेवकाला त्या बाईचे मत लागते; पुन्हा तिच्या दारी जाणे त्याला चुकत नाही. बैठकीतल्या नागरिकाला कोणीच निवडलेले नसते, तरीही निधी कुठे वळावा यावर त्याच्या शब्दाचा परिणाम होतो. सवड असलेल्यांचा आवाज मोठा होणे ही लोकशाहीतली खरी विषमता आहे.

"पण तुम्ही घरी बसल्याने तिचं गटार साफ होतं का, काका? उलट नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या 'स' यादीत कुठलं काम शिरलं, कुठलं गळलं, हे विचारणारंही कोणी राहत नाही."

"मग तिच्या वतीनं बोलू?"

"नको. आपली गल्ली सांगा, आपलंच मागा आणि इतिवृत्तात तसंच लिहून घ्या. त्याआधी एक मागणी करा: पुढची बैठक संध्याकाळी, वस्तीत घ्या."

इथे कायदा कार्यकर्तीच्या बाजूने आहे. 2009 च्या दुरुस्तीने महापालिका कायद्यात क्षेत्रसभा आली. मतदान केंद्राच्या यादीतला प्रत्येक मतदार तिचा सदस्य. सवड किंवा ओळखपाळख यांची अट नाही. पुण्यात मात्र ती रुजली नाही. ती भरली तरी थकून घरी आलेली बाई येईलच, याची हमी नाही. काकांची शंका तेवढ्यापुरती उरते. तरीही बैठकीला जाणेच योग्य, मात्र आपण फक्त आपल्यापुरते बोलतो हे नोंदवून.

विश्रांतवाडीच्या मतदारांनी आपापल्या नगरसेवकांकडे क्षेत्रसभेची मागणी लेखी करावी, आणि अर्जात संध्याकाळची वेळ आणि वस्तीतली जागाही लिहावी.