बंदिश कोणाची?

'बंदिश' हा शब्द फारसीतून आला. बंदिश म्हणजे बांधणी. आपण मराठीत 'रचना' म्हणतो. पण जे बांधले, ते बांधणाऱ्याचेच राहते काय?

चित्र पूर्ण झाले की भिंतीवर तसेच राहते. बंदिशीच्या स्थायी-अंतरा मिळून जेमतेम चार ओळी असतात आणि त्यांच्या आधाराने गायक अर्धा तास राग मांडतो. त्याने हवे तितके दूर जावे, मात्र समेवर परत यावे, एवढीच अट. ख्यालात बंधन हीच परतीची वाट होते.

मुहम्मद शाहच्या (१७१९-१७४८) दरबारातील नियामत खाँ यांनी 'सदारंग' या नावाने बांधलेले ख्याल आजही गायले जातात. कोल्हापूर दरबारचे अल्लादिया खाँ (१८५५-१९४६) यांनी आपली विद्या गोमंतकातील केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांना दिली. उलट, ज्या उस्तादांनी चिजा कुलपात ठेवल्या, त्यांच्या कित्येक चिजा त्यांच्याबरोबरच मातीत गेल्या.

तेव्हा ख्याल मुसलमानांचा की हिंदूंचा, हा वाद आम्हांला फोल वाटतो. बंदिश ही अमानत आहे. अमानतीवर मालकी सांगता येत नाही, ती सांभाळून पुढच्याच्या हाती द्यावी लागते. उस्तादांची नावे घेऊन आपण अभिमानाने मान उंचावतो. पण आपल्या घरांतली किती मुले आज तानपुऱ्यापाशी बसतात?