किल्ली की हात?

।। श्री गुरवे नमः ।।



मागच्या गुरुवारी अंबरपेठच्या बैठकीत आरतीनंतर एका तरुण साधकाने विचारलं, "काका, शेवटी सगळं जाणारच आहे ना? मग घर, पैसा, नाती एवढं जपायचं तरी कशाला?" सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण तिथे सर्वांत म्हातारा मीच. मी काहीतरी गुळमुळीत बोललो आणि प्रसाद वाटायला उठलो. पण रात्री झोप लागली नाही. उत्तर माझ्याकडे होतं. ते द्यायचं तर स्वतःची एक गोष्ट सांगावी लागते, म्हणून टाळलं. आज लिहितो.

२०२४ च्या मे महिन्यात मुलाने आम्हा दोघांना जर्मनीला नेलं, आणि तिथून चार दिवस इटलीला. नेपल्सहून लोकल गाडीने पॉम्पेईला गेलो. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस पर्वत फुटला आणि हे नांदतं गाव राखेखाली गेलं. १७४८ पासून तिथे उत्खनन चालू आहे, तरी गावाचा सुमारे तिसरा हिस्सा अजून जमिनीखालीच आहे.

आत शिरलो आणि पहिल्यांदा पायाखालचा रस्ता ओळखीचा वाटला. काळा दगड, त्यावर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या. आमच्या हैदराबादचा दगड ग्रॅनाइटचा, पण आईचं माहेर भोकरदनकडचं, तिथे असाच काळा दगड. तोही लाव्हाच, फक्त साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला. आपण मराठवाड्याची माणसं राखेच्या गावाला "बापरे" म्हणतो, पण आपलं अख्खं पठार ज्वालामुखीनेच घातलेलं आहे.

एका भट्टीत ८१ पाव सापडले होते, जळून कोळसा झालेले, पण आकार जसाच्या तसा. कुणीतरी ते आत सरकवले आणि काढायला परत आलाच नाही. एका घराच्या उंबऱ्याशी लॅटिनमध्ये शब्द आहेत, त्यांचा अर्थ 'नफ्या, ये, तुझं स्वागत आहे'. मुलगा हसला. मी हसू शकलो नाही. आमच्या अंबरपेठच्या घराच्या चौकटीवर 'शुभ लाभ' लिहिलेलं आहे, आणि त्यातल्या दुसऱ्या शब्दाकडेच माझं आयुष्यभर जास्त लक्ष होतं.

आणखी एक गोष्ट मनात बसली. स्फोटाच्या सतराएक वर्षं आधी तिथे मोठा भूकंप झाला होता. पडझड इतकी, की पर्वत फुटला तेव्हाही कितीतरी घरांची दुरुस्ती चालूच होती. अलीकडे खोदलेल्या एका घरात चुना आणि रचून ठेवलेली कौलं तशीच मिळाली. सौ. म्हणाल्या, "बिचारे! कशाला केली दुरुस्ती?" म्हणजे आपल्या तरुण साधकाचाच प्रश्न.

माझंही मन तिथे विरक्त झालं. पण ते स्मशानवैराग्य! फाटकाबाहेर आलो, लिंबाच्या सरबताचे पैसे ऐकले आणि मी टपरीवाल्याशी घासाघीस सुरू केली. वैराग्याचं आयुष्य अर्धा तास.

दुसऱ्या दिवशी नेपल्सच्या संग्रहालयात गेलो. तिथे काचेमागे एक वीतभर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे, दागिन्यांनी मढलेली, दोन्ही बाजूंना छोट्या दासी. १९३८ मध्ये ती पॉम्पेईच्या एका घरात सापडली. लोक तिला 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणतात, कुणी अभ्यासक यक्षी म्हणतात. ती भारतातून गेली यात शंका नाही. तिच्यासारख्याच हस्तिदंती बाहुल्या आपल्या तेरला आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव, ग्रीक व्यापारी त्याला तगर म्हणत. भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन, म्हणजे भोग वाढवणारं! ही दोन्ही गावं १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, म्हणजे आपल्याच राज्यात होती.

'लक्ष्मी चंचल असते' हे आजीपासून ऐकत आलो. ही लक्ष्मी तर दक्खनच्या बाजूने निघाली, समुद्र ओलांडला, श्रीमंताच्या घरी बसली आणि साडेअठराशे वर्षं राखेत झोपली. आता त्या घराला 'भारतीय मूर्तीचं घर' म्हणून ओळखतात. मालकाच्या नावाने नाही! ज्याने ती हौसेने घेतली, त्याची ओळख तिच्याकडून उसनी.

काचेसमोर उभा असताना आईची आठवण आली. "आई, तुझ्या माहेरची बाहुली इथे आहे गं" असं सांगावंसं वाटलं. आई २०२२ मध्ये गेली.

आता ती गोष्ट.

१३ ऑक्टोबर २०२० ची रात्र अंबरपेठकर विसरणार नाहीत. पाऊस थांबेना, मुसी फुगली, मुसारामबागचा पूल पाण्याखाली गेला. आमचं घर तळमजल्याचं, सखल गल्लीतलं. रात्री दारातून पाणी आत आलं आणि बघता बघता घोट्यापर्यंत चढलं. वीज गेली. आई ८६ वर्षांची, पलंगावर बसलेली. तिला स्वतःहून चालता येत नव्हतं.

मी काय केलं? किल्ली शोधली. कपाट उघडलं. एफडीच्या पावत्या, घराची कागदपत्रं, सौ.चे दागिने पिशवीत भरले आणि जिना चढून वरच्या मजल्यावर ठेवून आलो. परत खाली येतो तो शेजारच्या तेलुगू कुटुंबातला कॉलेजचा मुलगा "अम्मम्मा, पट्टुको" म्हणत आईला पाठीवर घेऊन जिना चढत होता. मी भिंतीला टेकून त्यांना वाट दिली. माझ्या हातात किल्ली होती.

आई काही बोलली नाही. वर खुर्चीवर बसल्यावर एवढंच म्हणाली, "त्या पोराला आधी कोरडा टॉवेल दे." पुढची दोन वर्षंही तिने तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. माफी मागायची राहिली ती राहिलीच. आणि त्या पावत्या? त्यांची नोंद बँकेत होतीच. भिजल्या असत्या तरी एक रुपया बुडाला नसता.

पॉम्पेईत राखेत गेलेल्या माणसांच्या जागी पोकळ्या उरल्या होत्या. १८६३ मध्ये फिओरेल्ली नावाच्या संशोधकाने त्यांत प्लॅस्टर ओतलं आणि ती माणसं पुन्हा दिसू लागली. त्यांच्याजवळ नाणी मिळाली, दागिने मिळाले, आणि किल्ल्या. गावाबाहेरच्या एका मोठ्या वाड्यात बागेच्या दाराशी एकाचा सांगाडा मिळाला, किल्लीसकट. हे वाचलं तेव्हा मला अंधारातला आमचा जिना दिसला.

*पण इथे घाईने न्याय करू नये.* राखेत सापडलेला प्रत्येक जण लोभी नव्हता. पहिले कितीतरी तास हलक्या जाळीदार दगडांचा पाऊस पडत होता, तेवढ्यात पुष्कळ लोक निघून गेले. मागे राहिले त्यांत म्हातारे असतील, आजारी असतील, मालकाच्या हुकमाने थांबलेले गुलाम असतील. कोण का थांबलं हे प्लॅस्टर सांगत नाही. दुसऱ्याचं सोडा, मला माझं माहीत आहे.

त्याच दिवसाची दुसरी हकीगतही नोंदलेली आहे. खाडीपलीकडे मिसेनमला प्लिनी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा आईबरोबर राहत होता. त्याचे मामा आरमाराचे प्रमुख. रोमचा पैसा दरवर्षी पाच कोटी नाण्यांनी भारताकडे वाहतो, अशी तक्रार ग्रंथात लिहून ठेवणारे थोरले प्लिनी ते हेच. मामा आधी कुतूहलाने जहाज काढत होते. मदतीची हाक आली तेव्हा ते लोकांना वाचवायला मोठी जहाजं घेऊन निघाले, आणि पलीकडच्या किनाऱ्यावर गेले ते परत आले नाहीत. इकडे अंधार दाटला, राख पडू लागली. आई मुलाला म्हणाली, तू तरुण आहेस, पळ, माझ्यामुळे अडकू नकोस. त्याने ऐकलं नाही. तिचा हात धरला आणि तिला चालवत नेलं. दोघं वाचली.

मात्र यातून 'हात धरला की माणूस वाचतो' असा हिशेब काढू नका. मामा मदतीला गेले आणि मेले. हात धरणं हा सौदा नव्हे. त्या मुलालाही काय होणार हे माहीत नव्हतं. दोघं मेली असती तरी त्याने केलं ते बरोबरच ठरलं असतं.

मग माझं कुठे चुकलं? आईवर माझं प्रेम नव्हतं का? होतं हो. पण संकटात विचाराला वेळ नसतो. *हात सवयीने जातो.* चाळीस वर्षं रात्री झोपताना मी कपाटाची किल्ली चाचपत आलो. आईच्या पलंगाशी क्वचित थांबलो. त्या रात्री हात रोजच्या वाटेनेच गेला. पॉम्पेईच्या दगडांतली चाकोरी एका दिवसात पडली नव्हती, माझीही नाही.

तेव्हा त्या तरुण साधकाला माझं उत्तर असं. बाळा, सगळं जाणार आहे, खरं आहे. पण त्यावरून काहीच जपू नये असं निघत नाही. पाव तर संध्याकाळपर्यंतही टिकायचा नसतो, म्हणून तो भाजायचा थांबत नाही, कारण कुणाला तरी भूक असते. त्या लोकांनी घरं दुरुस्त केली, बरंच केलं. पोराबाळांना छप्पर लागतं. घर जपावं, पैसाही जपावा. फक्त क्रम ठरलेला असावा, आणि तो रोज गिरवलेला असावा. जाणाऱ्या गोष्टींत सर्वांत लवकर जाणारं माणूस असतं. म्हणून त्याच्याकडे आधी जायचं.

या आठवड्यासाठी एक साधा अभ्यास. रात्री कुलूप-किल्ली बघण्याआधी घरातल्या सर्वांत अशक्त माणसाजवळ दोन मिनिटं बसा. उपदेश नको, हात हातात घ्या, पुरे. ज्यांना कुणाची माफी मागायची राहिली आहे त्यांनी गुरुवारपर्यंत थांबू नये. मी थांबलो होतो.

शेजारचा तो मुलगा आता बंगळूरला नोकरीला आहे. सणाला घरी आला की आमच्याकडे येतो. त्याला मी अजून दरवेळी आधी टॉवेलच विचारतो, पाऊस असो वा नसो. तो हसतो.

सर्वांना नमस्कार 🙏
— एक साधक, अंबरपेठ