वेन्सडेसाठी मागणं

पांडुरंगा, कुणी लेकरासाठी, कुणी पावसासाठी तुझ्यापुढे पदर पसरतं. मी एका फुटबॉल क्लबसाठी पसरते आहे. शेफिल्ड वेन्सडे. इंग्लंडच्या उत्तरेला, डॉन नदीच्या काठी, हिल्सबरो मैदानावर खेळणारा. २०२५ चा डिसेंबर चालू आहे, क्लब विकायला निघाला आहे आणि कुणाच्या हाती जाणार ते अजून ठरलेलं नाही. तुला सगळं ठाऊक असतं, तरी सांगते. सांगितल्यावाचून जिवाला चैन पडायची नाही.

१८२० मध्ये या गावात एक क्रिकेट क्लब निघाला. खेळणाऱ्यांना बुधवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळे, म्हणून क्लबचं नाव वेन्सडे. हिवाळ्यात क्रिकेट बंद झालं की मंडळी पांगतात, ती पांगू नयेत म्हणून ४ सप्टेंबर १८६७ ला अडेल्फी हॉटेलात बैठक झाली आणि फुटबॉल सुरू झाला. एकत्र राहता यावं एवढ्याचसाठी निघालेला हा खेळ. पुढे चार वेळा लीग जिंकली, तीनदा एफए कप आणला. आणि बुधवार तर तुझा वार. पंढरीत गेलेलं माणूस बुधवारी तुला सोडून निघत नाही, असं आजी सांगायची. म्हणून हे गाऱ्हाणं दुसऱ्या कुणाकडे न नेता तुझ्या पायाशी आणलं.

काय झालं ते ऐक. २०१५ मध्ये एका श्रीमंत माणसाने क्लब घेतला. वरच्या श्रेणीत जायची घाई होती. २००० पासून आम्ही तिथे नाही, आणि पंधरा वर्षं हा काळ चाहत्याला फार मोठा असतो. मिळकतीपेक्षा पगार जास्त झाले. जमाखर्च नियमात बसावा म्हणून हिल्सबरो मैदानच मालकाच्या दुसऱ्या कंपनीला सहा कोटी पौंडांना विकलं. त्या प्रकरणात २०२०-२१ च्या हंगामात सहा गुण कापले गेले आणि आम्ही वर जायचे ते खाली गेलो. तेव्हाच कुणीतरी वह्या उघडून बसायला हवं होतं.

आणि २०२५ उजाडलं. मार्चपासून पगार लांबू लागले. एकदा, दोनदा, पुन्हा. उन्हाळ्यात गोल करणारे निघून गेले. नॉर्थ स्टँड सुरक्षिततेच्या कारणावरून महापालिकेने बंद करायला लावला. ऑगस्टमध्ये लेस्टरला पहिला सामना झाला तेव्हा आमची माणसं सुरुवातीची पाच मिनिटं आत गेलीच नाहीत. खेळाडूंचे पगार थकले ते पेपरात छापून आलं. पण गवत राखणारा, जर्सी धुणारी, तिकिटांच्या खिडकीत बसणारी, त्यांची घरभाडी आणि हप्ते कुठे छापून येतात? त्यांची नावं मला माहीत नाहीत. तुला आहेत. पहिलं मागणं त्यांच्यासाठी आहे.

२०२५ चा दिवाळी पाडवा बुधवारी आला, २२ ऑक्टोबरला. त्या रात्री हिल्सबरोवर मिडल्सब्रोविरुद्ध सामना होता आणि चाहत्यांनी तो ओस पाडायचं ठरवलं होतं. घरी दिवे लावले, ओवाळणं झालं, आणि मी बाहेर पडले नाही. एरवी वीस-पंचवीस हजार माणसं येतात तिथे जेमतेम सात हजार आली. देवा, आपल्याच माणसांना एकटं टाकल्यासारखं वाटत होतं. पण तिकिटाचा पैसा क्लबला तारतोय की बुडवतोय, हेच कळेनासं झालं होतं. दोन दिवसांनी, शुक्रवारी, क्लब प्रशासकांच्या ताब्यात गेला. करखात्याचं देणं थकलं होतं, दुसरी वाट उरली नव्हती. लीगच्या नियमाप्रमाणे बारा गुण त्याच दिवशी गेले. आणि गुण गेल्याची बातमी ऐकूनही, जुन्या मालकाच्या हातून क्लब सुटला म्हणून, रस्त्यावर लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, हे तू पाहिलंसच.

शनिवारी सकाळी क्लबच्या दुकानाबाहेर रांग लागली. माझ्यापुढे एक आजोबा होते. गळ्यातला मफलर धुऊन धुऊन निळ्याचा करडा झालेला. हातात नवा मफलर, दोन मग आणि पायमोजे, तेही लहान मुलाच्या मापाचे. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “मफलर तर आहे की तुमच्याकडे.” ते म्हणाले, “आहे गं. पण आता हे पैसे तुमच्यापर्यंत पोचणार ना?” ती काही बोलली नाही. डोळे पुसले आणि बिल केलं. दुपारी सत्तावीस हजारांवर माणसं मैदानात होती. ऑक्सफर्डने आम्हाला हरवलं आणि तरी कुणी जागचं हललं नाही.

त्यानंतर १ डिसेंबरला आणखी सहा गुण गेले, थकवलेल्या देण्यांपायी. त्या दिवशी गुणतक्त्यावर आमच्यापुढे वजा १० उरले. २०२५-२६ च्या या हंगामात आम्ही खाली जाणार. ते मी मान्य केलंय, बहुतेकांनी केलंय. त्यासाठी तुला साकडं घालत नाही.

चमत्कार आम्ही पाहिलेला आहे. १८ मे २०२३ ची रात्र. प्ले-ऑफच्या पहिल्या सामन्यात पीटरबराकडून ४-० असा मार खाऊन आलेला संघ, आणि हिल्सबरोवर एकामागून एक चार गोल फिटले. चौथा गोल ९८व्या मिनिटाला लियम पामरचा, लहानपणापासून याच क्लबात वाढलेल्या पोराचा. पेनल्टीवर जिंकलो तेव्हा अनोळखी माणसांच्या गळ्यात पडून मी रडले. तसलं काही आज नको. आज मला अगदी रुक्ष गोष्टी हव्या आहेत: हिशेब तपासलेले, कर भरलेला, महिनाअखेरीला पगार खात्यात.

घेणारा कसा असावा ते सांगू? बक्कळ पैसेवाला असलाच पाहिजे असं नाही. पैसा कुठून आला ते सांगायला न कचरणारा असू दे. क्लबने मिळवलं तेवढ्यातच खर्च बसवणारा असू दे. वर जायला चार वर्षं लागतील असं तोंडावर सांगणारा असू दे. गावात राहणारा नसला तरी गावाचं ऐकणारा असू दे. जुनी देणी फेडताना फक्त फुटबॉलवाल्यांचीच फेडू नयेत. नियम असा आहे की खेळाडू आणि इतर क्लब यांची देणी पुरती चुकती करावी लागतात. बाकीच्या विनातारण येणेकऱ्यांना पौंडामागे निदान २५ पेन्स द्यावे लागतात, नाहीतर पुढच्या हंगामात आणखी १५ गुण जातात. पौंडाला २५ पेन्स म्हणजे गुण वाचतील, पण दुरुस्ती करून गेलेल्या, माल पुरवलेल्या छोट्या धंदेवाल्याचं काय? त्याचंही पोट आहे. घेणाऱ्याला नियमापेक्षा थोडं जास्त देण्याची बुद्धी दे.

आणि मैदान क्लबपासून तोडू नकोस. मैदानाची मालकी असलेली कंपनीही प्रशासकांकडेच आहे, तेव्हा दोन्ही एका हाती परत यायची संधी आत्ता आहे. एकदा का जागा एकाकडे आणि संघ दुसऱ्याकडे गेला की भाडेवाढ, मग खटले, मग कुणाला तरी तिथे इमारती दिसू लागतात.

त्या जागेबद्दल एवढी काकुळतीला का आले तेही सांगते. १५ एप्रिल १९८९ ला तिथे, लेपिंग्ज लेनच्या बाजूला, लिव्हरपूलचे चाहते चेंगरले गेले. त्यांतले ९७ जण गेले. सामना बघायला आलेली माणसं ती, कुणी शाळकरी पोरंही. त्यांच्या घरच्यांना सत्यासाठी सत्तावीस वर्षं झगडावं लागलं, तेव्हा कुठे २०१६ मध्ये चौकशीतल्या ज्युरींनी सांगितलं की ते बेकायदा मृत्यू होते आणि चाहत्यांचा दोष नव्हता. बाहेर त्यांचं स्मारक आहे, लोक फुलं ठेवतात. पैशाची चणचण आली की पहिली कात्री देखभालीला लागते, आणि या मैदानावर तरी ती कधी लागू नये. नव्या मालकाने स्ट्रायकर घेण्याआधी पायऱ्या, फाटकं आणि छप्पर बघावं, एवढी जाण त्याला दे. त्या ९७ जणांना तुझ्यापाशी ठेव.

पांडुरंगा, भीती वाटते ती उगाच नाही. डोंगरापलीकडे बेरी नावाचं गाव आहे. तिथला क्लब १८८५ चा, दोनदा एफए कप जिंकलेला. २०१८ च्या अखेरीस तो एका पौंडाला विकला गेला. २७ ऑगस्ट २०१९ ला नवा खरेदीदार येणार म्हणून तिथली माणसं झाडू-फडकी घेऊन गिग लेन मैदानावर जमली, खुर्च्या पुसल्या, पायऱ्या झाडल्या. व्यवहार फिसकटला आणि त्याच रात्री लीगने क्लबला काढून टाकलं. पुढे त्यांनी मैदान परत मिळवलं, खालच्या श्रेणीत पुन्हा उभे राहिले, ते त्यांच्या चिकाटीने. पण ज्यांनी खुर्च्या पुसल्या होत्या त्यांच्यातले काही म्हातारे तो दिवस पाहायला उरले नसतील.

पुण्याचंही पाहिलं आहे. माझा भाऊ बालेवाडीला नारिंगी जर्सी घालून एफसी पुणे सिटीचे सामने बघायचा. पाच हंगाम खेळून २०१९ मध्ये तो क्लब बंद झाला आणि तिथल्या लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाला गेली. हैदराबादने २०२२ मध्ये लीग जिंकली, पुढे तिथेही खेळाडूंचे पगार थकले, आणि २०२५ मध्ये तो संघ दिल्लीला हलवला गेला. पुणेकराला कुणी विचारलं नाही, हैदराबादकरालाही नाही. भावाची जर्सी अजून कपाटात आहे. तो फुटबॉलचं नाव काढत नाही. अशी माणसं या गावात व्हायला नकोत.

ब्रिटिश संसदेने जुलै २०२५ मध्ये फुटबॉल प्रशासनाचा कायदा केला, स्वतंत्र नियामक नेमला. मालक होऊ पाहणाऱ्याची पारख करायची, मैदान विकायचं तर आधी परवानगी घ्यायला लावायची, असे अधिकार त्याला मिळाले. आमच्यासाठी उशीर झाला. पण त्या नियामकाच्या माणसांना ताठ कणा दे. बड्या पैशासमोर कायदा वाकतो, हे आपण दोन्ही देशांत पाहिलंय.

आता आमच्यासाठी. आम्ही भोळे आहोत, देवा. कुणी करोडोंचा आकडा उच्चारला की त्याच्या नावाची गाणी रचतो, महिनाभरात त्याला तारणहार ठरवतो. या वेळी आम्हाला प्रश्न विचारायची अक्कल दे. चाहत्यांच्या संघटनेने महिनोन्‌महिने कागद वाचले, पत्रं लिहिली, त्यांची माणसं फलक धरून उभी राहिली, त्यांचं बळ कमी पडू देऊ नकोस. रोज नवी अफवा येते. अमुक अमेरिकन, तमुक गट, उद्या सही, परवा माघार. रात्री दोनला उठून फोन बघण्याची खोड लागली आहे. थोडी झोप दे.

मैदानावरच्या पोरांना सांभाळ. अर्धा संघ विशीच्या आतबाहेरचा आहे. ऑगस्टमध्ये याच पोरांनी लीड्सला लीग कपमध्ये पेनल्टीवर घरी पाठवलं होतं, तेही पगार थकण्याच्या त्या उन्हाळ्यात. दर आठवड्याला हरताना त्यांचा स्वतःवरचा विश्वास मोडू नये. कर्णधार बॅरी बॅननला हात जोडून दंडवत. दुसरीकडे जाता आलं असतं, तरी तो ऑगस्टमध्ये पुन्हा याच क्लबासाठी सही करून बसला. प्रशिक्षक हेन्रिक पेडरसन यांना धीर दे.

आणि गावातल्या लाल-पांढऱ्यांना, शेफिल्ड युनायटेडलाही, सुखी ठेव. नोव्हेंबरात त्यांनी आम्हाला हरवलं, ते जाऊ दे. डेरेक डूली हा आमचा केवढा मोठा गोल करणारा. १९५३ मध्ये प्रेस्टनला पाय मोडला, जखम चिघळली आणि पाय कापावा लागला. पुढे तो आमचा व्यवस्थापक झाला आणि १९७३ मध्ये ऐन नाताळच्या आदल्या दिवशी आमच्याच क्लबने त्याला काढलं. त्याला सांभाळलं ते युनायटेडने. माणुसकी तिकडेही आहे, ती टिकव.

जास्त लांबवत नाही. प्रशासकांना घाईत सही करू देऊ नकोस आणि उशीरही होऊ देऊ नकोस. खोटा खरेदीदार असेल तर त्याला कागद दाखवायच्या दिवशीच उघडा पाड. खरा असेल त्याचं मन बदलू देऊ नकोस. या महिन्याचे पगार वेळेवर होऊ देत, आणि येत्या ऑगस्टला, कुठल्याही श्रेणीत का असेना, शेफिल्ड वेन्सडेचं नाव सामन्यांच्या यादीत असू दे. एवढं कर, पांडुरंगा.