जांगड आणि अमानत

घरी बसून दागिने घडवणारी बाई आपला माल दुकानात जांगड ठेवते. विकला तर पैसे, नाही तर माल परत. तोवर मालकी तिचीच. १८७२च्या भारतीय करार कायद्याचे कलम १५१ सांगते की, असा माल सामान्य शहाणा माणूस स्वतःचा जपेल तसा जपावा. म्हणजे कपाटातले झुमके ही अमानतच.

खरी कसोटी विक्रीनंतर लागते. पैसा गल्ल्यात पडतो, नव्या मालात फिरतो आणि बाई हिशेबासाठी खेपा घालते. झुमके जपणारा दुकानदार इथे सैल होतो. कारण झुमक्यांवर तिच्या हाताची खूण असते, नोटेवर नसते. पण रूप पालटले म्हणून अमानत संपते काय? कमिशन त्याचे, उरलेली रक्कम तिची. ती न विचारता वापरणे म्हणजे खयानत नव्हे तर दुसरे काय?