अंदाजाचे प्रामाण्य

मापनाचा अंदाज हे ज्ञान आहे की ज्ञान नसताना केलेली तडजोड, हा प्रश्न सहावी-सातवीच्या गणितापुरता नाही. खरे ज्ञान कोणत्या साधनांनी मिळते याचा विचार करणाऱ्या भारतीय प्रमाणशास्त्राने तो वेगळ्या रूपात हाताळला आहे. न्यायदर्शन प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चारच प्रमाणे मानते, परंतु इतरांनी मानलेल्या ‘संभव’ या प्रमाणाचाही न्यायसूत्रांत विचार आहे. संभव म्हणजे मोठ्या मापावरून त्यात सामावलेल्या लहान मापाचे ज्ञान: द्रोणभर धान्य आहे, तर आढकभर आहेच. नैयायिकांनी संभवाला अनुमानात सामावून घेतले, पण त्याचे प्रामाण्य नाकारले नाही.

मापावरून अनुमान करायचे तर ते माप आधी ओळखीचे हवे. सातपाटीच्या मच्छीमार कोळ्याला वाव, म्हणजे पसरलेल्या दोन्ही हातांची लांबी, स्वतःच्या शरीरातच सापडते. पालघरच्या शाळेतील मुलाला मीटर बहुधा पट्टीवरच भेटतो. म्हणून भिंतीची लांबी विचारली की ते कोणताही आकडा सांगते, आणि त्याला अनुमान म्हणता येत नाही, कारण अनुमानाला व्याप्ती, म्हणजे खूण आणि साध्य यांचा न चुकणारा संबंध, लागतो. आपले पाऊल सुमारे अर्ध्या मीटरचे आहे हे ज्याने आधी मोजून पाहिले, त्याने बारा पावलांवरून ‘पाच ते सात मीटर’ म्हणणे हे मात्र खरे अनुमान होय. बोर्डीत 1945 मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे कोसबाडला स्थिरावलेल्या कार्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी खडे, बिया, पाने यांतून बालशिक्षण घडवले. हीच दृष्टी मापनाच्या शिक्षणात मोठ्या वर्गांपर्यंत पोहोचायला हवी.

मोजल्यावर भिंत 6.4 मीटर निघाली की अंदाज म्हणून लिहिलेले ‘सहा’ खोडून तिथे ‘6.4’ लिहिणारा विद्यार्थी गणितात नव्हे, सत्याच्या बाबतीत चुकतो, आणि अंदाजाच्या रकान्याला चूक-बरोबर अशा खुणा करणारी पद्धत त्याला या चुकीकडे ढकलते. ‘पाच ते सात’ हे विधान मोजल्यानंतरही यथार्थच, म्हणजे वस्तू जशी आहे तसेच सांगणारे, राहते. अज्ञानाची मर्यादा सांगणे हा त्या ज्ञानाचाच भाग आहे, हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

तारापूरच्या अणुवीजकेंद्रात 1969 पासून वीज निर्माण होते. तेथील किरणोत्सार कोणत्याच इंद्रियाला जाणवत नाही, तेव्हा अशा ठिकाणी अंदाजाला काय स्थान, असा आक्षेप रास्त आहे. जे केवळ यंत्रालाच कळते ते यंत्रानेच मोजले पाहिजे. तथापि, बोईसरच्या एखाद्या कारखान्यात नोंदवहीत 2.5 ऐवजी 25 लिहिले गेले, तर तो आकडा खटकण्यासाठी वाचणाऱ्याच्या मनात अपेक्षित मापाच्या सीमा आधीच असाव्या लागतात.