आईच्या वरणात काय घालायचं

सदर बाजारात एका सराफी पेढीवर मी हिशेब लिहितो. मालक जैन. सूर्य मावळल्यावर ते पाण्याचा घोटही घेत नाहीत. घरी, तात्यापाऱ्यात, माझी आई. तिच्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि आठवड्यातून तीनदा तिचं डायलिसिस असतं.

डायलिसिसच्या आधी डॉक्टर प्रथिनं कमी करायला सांगत, म्हणून वरणसुद्धा मोजून वाढायचो. आता उलटं झालंय. यंत्र रक्तातल्या घाणीबरोबर अमिनो आम्लंही ओढून नेतं, त्यामुळे वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. आई 48 किलोची. कातडं काढलेल्या कोंबडीच्या छातीच्या 100 ग्रॅम शिजलेल्या मांसात 30 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. तेवढी डाळीतून मिळवायची तर पोटॅशियमची भीती. म्हणून आहारतज्ज्ञ बाईंनी कोंबडी सुचवली, यात त्यांचं काहीच चुकलं नाही.

मामा म्हणाला, "कोंबडीचं पाणी वरणात घाल. ताईला सांगतोस कशाला?" नुसत्या पाण्यात प्रथिनं फारशी उतरत नाहीत, पोटॅशियम मात्र उतरतं. पण उतरली असती, तरी मी ते घातलं नसतं.

छांदोग्य उपनिषदात उषस्ति चाक्रायणाची कथा आहे. गारपिटीनं पीक गेलेलं, तो उपाशी. त्यानं दुसऱ्याच्या उष्ट्या घुगऱ्या मागून खाल्ल्या, पण त्याचं उष्टं पाणी नाकारलं. घुगऱ्यांवाचून तो जगला नसता, पाणी मात्र कुठेही मिळणार होतं. आपद्धर्माची याहून नेमकी मोजणी मला ठाऊक नाही. आणि ती मोजणी उषस्तीनं स्वतः केली, त्याच्या वतीनं कुणी गुपचूप केली नाही.

1902 साली मुंबईत गांधीजींच्या दहा वर्षांच्या मणिलालला विषमज्वर झाला. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचं सूप सांगितलं. गांधीजींनी मुलाला विचारलं, तो नको म्हणाला. पण आपण खा म्हटलं असतं तर त्यानं खाल्लंही असतं, हे ते स्वतःच लिहून गेले. त्या नकाराबद्दल माझ्या मनात शंका आहे. दहा वर्षांचं पोर बापाच्या तोंडाकडे बघूनच बोलणार. माझी आई बहात्तर वर्षांची आहे आणि पूर्ण शुद्धीत आहे. तिच्या ताटात चोरून काही घातलं, तर तिचं शरीर सांभाळताना तिलाच आम्ही वगळलं असं होईल.

डायलिसिसला आईच्या शेजारच्या खाटेवर असणारी बाई आनंदानं कोंबडी खाते. तिला पाप लागतं असं मी कधीच म्हणणार नाही.

आईला सगळे आकडे सांगितले. अल्ब्युमिन घसरलं तर काय, हेही विचारलं. "तेव्हा पुन्हा विचार. आज पनीर वाढव," ती म्हणाली. पनीरमध्येही फॉस्फरस असतो, म्हणून तो रोखणारी जेवणासोबतची गोळी मी आता न चुकता ताटाशेजारी ठेवतो.