तिकिटाचें देणें

सन २०१७ च्या धनत्रयोदशीस, म्हणजे १७ ऑक्टोबर रोजीं, सातव्या वेतन आयोगाप्रमाणें वेतन मिळावें म्हणून एस. टी. कर्मचाऱ्यांनीं संप केला आणि ऐन दिवाळींत महाराष्ट्रभर गाड्या थांबल्या. चौथ्या दिवशीं उच्च न्यायालयानें तो बेकायदेशीर ठरविला. पुढें २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास विलीनीकरणासाठीं पुन्हा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला.

संपाचा अधिकार आम्हांस नाकारावयाचा नाहीं. बारामतीहून भवानीनगर, लासुर्णें, निमगांव केतकी करीत इंदापुरास रात्रींबेरात्रीं गाडी नेणाऱ्या चालकास पोटभर वेतन मिळूं नये, असें म्हणणारा गृहस्थ आम्हांस एरव्हीं भेटत नाहीं. संप सुरू झाला कीं मात्र पुष्कळ भेटतात! आमचा प्रश्न निराळा आहे. ज्यानें आधींच आसन राखून ठेविलें, त्याचें देणें कोणीं फेडावयाचें?

पैसे परत केले कीं देणें फिटलें, असें व्यवहार सांगतो. परंतु पुण्याहून इंदापुरास लक्ष्मीपूजनाला निघालेल्या मुलास भाडें परत मिळालें, तरी ती संध्याकाळ कोण परत देणार? शिवाय अशा वेळीं खासगी मोटारवाला जो दर सांगेल, त्यापुढें तें भाडें कितीसें पुरणार?

एअर इंडियाच्या वैमानिकांचा २०१२ सालचा संप ५८ दिवस चालला. तेथेंही हाच प्रश्न होता. प्रवाशाची अडचण हेंच संपाचें बळ असतें, हें मान्य केलेंच पाहिजे. मनुष्यास केवळ साधन म्हणून वापरूं नये, हें कांटचें म्हणणें कामगारापुढें ठेवणें सोपें आहे. तें आम्हांस आधीं तिकीट विकणाऱ्यापुढें ठेवावेंसें वाटतें.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानें लोकोपयोगी सेवेंत संपापूर्वीं नोटीस आवश्यक केली होती. ती दिल्यावर १४ दिवस संप करतां येत नसे. परंतु ती नोटीस द्यावयाची मालकास, तिकीट काढणाऱ्यास नव्हे. म्हणजे गाडी कदाचित् निघणार नाहीं हें विकणाऱ्यास ठाऊक, घेणाऱ्यास नाहीं. अशा दिवसांत मुकाट्यानें आसनें विकणें हें संपाहून अधिक सदोष आहे, असें आमचें मत आहे.

संपाची सूचना आली आहे, एवढी एक ओळ खिडकीवर खडूनें लिहावयास, किंवा आतां भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दाखवावयास, कितीसा वेळ लागतो? उत्पन्न बुडेल ही भीति असेल. पण तें बुडूं नये म्हणून कोणाची दिवाळी गहाण पडते, याचा हिशेब कोणत्याही पक्षाच्या पत्रकांत अजून आमच्या वाचनांत आलेला नाहीं.